आबांच्या पांढऱ्या रानासाठी खाडीवर

आखाडाच्या शेवटच्या आठवड्यात, दर्यात होड्या घालायला सरकारचीच मनाई असताना, सांगवीचे दोघे आणि इंदापूरचा एक असे तीन शहाणे कोकणात कोळंबी बघायला गेले. त्यांतला एक मी. बाकीच्या दोघांना नावं ठेवायची असं ठरवूनच मी गाडीत बसलो होतो आणि अर्ध्याहून अधिक प्रवास तेच केलं. तुम्ही पावसाळ्यात खाडीवर गेला नसाल तर तुमचं फार काही अडलेलं नाही. तरी तिथं काय असतं ते ऐकून ठेवा.

आधी कारण सांगतो. आबा म्हणजे माझे थोरले भाऊ. नीरेकडेला आमची दोघांची रानं लागून आहेत, वरच्या अंगाला माझं, खालच्या अंगाला त्यांचं. त्यांच्या तीन एकरांना गेल्या काही वर्षांत मीठ फुटलं. आधी ऊस पिवळा पडला, मग गहू उगवेना, आणि आता उन्हाळ्यात ते रान चुना सांडल्यासारखं पांढरं दिसतं. माझं यावर मत पक्कं होतं आणि ते मी चावडीपासून चहाच्या हॉटेलापर्यंत सगळ्यांना ऐकवत होतो. रान बिघडत नाही, माणूस बिघडतो. आबा पहिल्यापासून सुस्त. एका बांधाला लागून असताना माझ्या उसात माणूस दिसत नाही आणि त्यांच्या रानात नुसते बगळे बसतात, यातच काय ते आलं.

अशा वेळी आमचे मेहुणे बाजीतात्या उगवले. हे इंदापूरचे. उजनीच्या फुगवट्याकडेला घर असल्यामुळे जगातल्या सगळ्या पाण्यावर आपला अधिकार आहे असं त्यांना वाटतं. त्यांनी मोबाईलवर कसला तरी व्हिडिओ बघितला होता. खाऱ्या रानात तळी खणायची, त्यात कोळंबी सोडायची, आणि मग नुसतं काठावर बसायचं. आबांना ते पटलं. खोदाईच्या मशीनवाल्याला श्रावणात होकार द्यायचा, इथपर्यंत गोष्ट आली. मशीन एकदा रानात घुसलं की वरची काळी माती ट्रॉलीतून जाणार ती परत यायची नाही. वडिलांच्या हातची तीन एकरं कायमची खड्डा होणार होती. आबा एवढंच म्हणाले, "एकदा डोळ्यानं बघतो. मग सांगतो."

मी गेलो तो फजिती बघायला. खोटं कशाला बोलू.

शुक्रवार

संध्याकाळी खाडीकाठच्या त्या गावात पोचलो तेव्हा पाऊस असा लागला होता की गाडीतून उतरायला जागा नव्हती. आमच्याकडे पाऊस म्हणजे पुण्याच्या वरच्या डोंगरात पडतो, त्याचं पाणी नदीनं आणि कालव्यानं आमच्याकडे येतं आणि आम्ही कोरड्या अंगानं त्याचा हिशेब मागतो. इथं तो माणसाच्या डोक्यावर पडतो. छत्री हे तिथं नुसतं शोभेचं काम आहे.

किनाऱ्यावर गेलो. सगळ्या होड्या वर ओढून, उपड्या घालून, झावळ्यांनी झाकून ठेवलेल्या. एकही माणूस नाही.

"सुट्टी हाय वाटतं आज," तात्या म्हणाले.

एक म्हातारा जाळं विणत पडवीत बसला होता. त्यानं सांगितलं की माशांची पिलं वाढायचे दिवस आहेत, अजून काही दिवस दर्यात कुणी जात नाही. इतकी साधी गोष्ट विचारायला तात्यांना फोन नव्हता काय? होता. त्याच फोनवर त्यांनी व्हिडिओ बघितला होता. पण उन्हाळी भाजी संपलेली, उसाला अजून वेळ आणि श्रावण लागायच्या आत आखाड गाठायचा, या आमच्या तिथीवर सगळा समुद्र चालतो असा त्यांचा समज.

राहायला एका घरात खोली मिळाली. जेवणाचं काय सांगू. सुक्या बोंबलांचं कालवण होतं, त्यात नारळ. भाजीत नारळ. आमटीत नारळ. डाव्या बाजूला चटणी होती म्हणून आशेनं बोट लावलं, तर तीही नारळाची. आमच्याकडे देवापुढे एक नारळ फोडला तर प्रसादाचे पन्नास तुकडे होतात. तात्यांनी पिशवीतून घरचा काळा मसाला काढून सगळ्या ताटांवर भुरभुरला आणि घरधनिणीनं ते बघितलं. सकाळी आमच्या पोह्यांवर तिनं खोबरं दुप्पट घातलं होतं. आबा मात्र तांदळाच्या भाकरीशी ते कालवण गुमान जेवले आणि चांगलं झालंय म्हणाले. मला त्यांचा रागच आला. या माणसाला कशाचीच तक्रार म्हणून नसते.

शनिवार

पडवीतल्या त्या म्हाताऱ्याचं नाव दत्ताराम. साठीच्या पुढचा, काटक, बोलायला कमी. दर्यात नाही, पण आतल्या खाडीत वल्ह्याची छोटी होडी घेऊन जातो, कुर्ल्या आणि कोळंबी मिळते ती दाखवतो, असं तो कबूल झाला. कुर्ल्या म्हणजे खेकडे. त्याची एकच अट होती. "पाणी उतरायला लागलं की मी म्हणेन तेव्हा निघायचं."

तात्यांनी तरंगायचं जाड केशरी जाकीट घातलं, वरून पांढरा सदरा चढवला आणि होडीत बसताना दोन्ही हातांनी दत्तारामचं डोकं धरलं. उजनीचा वाघ तो हाच. होडी हलली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि ते उघडायच्या आधीच विचारलं, "हितं पाणी कवा सुटतं?"

दत्तारामला कळेना. मग म्हणाला, "भरती म्हणता? दिवसातून दोनदा. दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरा."

"अन् सोडतं कोण?"

"कोण सोडणार? येतं."

तात्यांचा विश्वास बसला नाही. आमच्याकडे पाणी येत नाही, ते आणावं लागतं. पाळी लागते, अर्ज लागतो, पाटकऱ्याला चहा पाजावा लागतो, आणि एवढं करून रात्री दोनला पाणी आलं तर आपण झोपलेले असतो. कुणाला न विचारता दिवसातून दोनदा येणारं पाणी त्यांना बेकायदेशीर वाटलं असावं.

पाऊस तिरपा लागत होता. दोन्ही काठांना चिखलात पाय रोवून उभी असलेली झुडपं, त्यामागे हिरवे डोंगर, आणि मध्ये आमची होडी. दत्तारामनं लोखंडी कड्यांना बांधलेली लहान जाळी काढली. प्रत्येकीत कोंबडीची मान अडकवली आणि झुडपांच्या कडेनं एकेक सोडत गेला. वर तरंगायला थर्माकोलचा तुकडा. मग थांबायचं. आमच्यात याला धंदा म्हणत नाहीत. मी तसं बोललोही. दत्तारामनं बिडी पेटवायचा प्रयत्न केला, ती भिजली, त्यानं ती कानावर ठेवली.

पण पहिली कडी वर ओढली तेव्हा तिच्यात तळहाताएवढी काळीहिरवी कुर्ली होती, हे मान्य करायला हवं. दुसरीत दोन होत्या. दत्तारामनं एकीला पाठीमागून धरलं, पायाखाली दाबलं आणि दोरीनं नांग्या आवळल्या, चार श्वासांत. "बघू, बघू," म्हणत तात्या पुढे आले आणि त्यांनी दुसरीला पुढून हात घातला. आमचे तात्या गावच्या सभेत माईक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातात. त्या दिवशी ते पलीकडच्या तालुक्यापर्यंत ऐकू गेले असतील.

मग दत्ताराम होडीच्या टोकाला उभा राहिला आणि त्यानं पाग टाकला. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. थोडा दातात, थोडा कोपरावर, बाकीचा हातात, आणि एका गिरकीत तो पाण्यावर घोंगडीसारखा पसरला. वर ओढला तेव्हा त्यात ओंजळभर कोळंबी उड्या मारत होती. मी म्हटलं, यात काय आहे, आणा इकडं. मी फेकला तो पाग गोणी टाकावी तसा धप्पकन एका जागी पडला. दुसऱ्यांदा तर माझ्याच शर्टाचं बटण घेऊन गेला. दत्ताराम हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

आबा या सगळ्यात मधल्या फळीवर बसून होते. त्यांनी हात बाहेर सोडला, बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. पुन्हा एकदा लावलं.

"हणमंत, आपल्या हिरीपेक्षा गोडं हाय हे."

"आबा, समुद्राचं पाणी गोडं असतंय व्हय? जीभ म्हातारी झाली तुमची."

"बघ की चाखून."

मी चाखलं. मचूळ होतं, खारट म्हणावं असं नव्हतं. दत्ताराम म्हणाला, पावसाळ्यात डोंगराचं पाणी वरवर असतं, खारं तळाशी राहतं. असेलही. पण आबांच्या विहिरीचं पाणी मी मागच्या उन्हाळ्यात चूळ भरून थुंकलेलं होतं आणि ते याहून खारट होतं. समुद्राच्या दारात बसून मला हे कळत होतं. मी ते झटकलं आणि तात्यांच्या बोटाची चौकशी केली.

पलीकडच्या काठाला चौकोनी मोठे खड्डे दिसत होते, कडा ढासळलेल्या, आत हिरवट पाणी. तात्यांना जोर आला. "आबा, हीच ती तळी. कोळंबीची."

"होती," दत्ताराम म्हणाला. "बाहेरच्या लोकांनी खणली. दोन वर्षं कोळंबी लागली, मग रोग पडला. गेले सोडून."

"त्यास्नी जमलं नसंल," तात्या म्हणाले.

आबांनी विचारलं, "मग आता त्यात भात न्हाय व्हय लावत?"

"वरची मातीच नेली काढून. भात लावायचा कशात?"

आबा त्या खड्ड्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, चला, आपलं काम झालं, आता खड्डा टळला.

इथं दत्ताराम म्हणाला, निघू या. बादली अर्धीच भरली होती. मी म्हटलं, एवढ्यासाठी तीन माणसं भिजली का, अजून एक फेरी मारा. तो म्हणाला, पाणी उतरतंय. मी म्हटलं, पाणी कुठं पळून जातंय. आबांनी माझ्याकडे बघितलं. दत्तारामनं खांदे उडवले आणि होडी वळवली, आणि त्या फेरीत आम्हाला दोन बोटांएवढी एक कुर्ली मिळाली. परत येताना खाडीच्या अरुंद फाट्यात होडी चिखलावर बसली ती बसलीच. पाणी खरोखरच पळून गेलं होतं.

मग गुडघाभर चिखलातून चालणं. तात्यांचा डावा बूट तिथंच राहिला. पुढच्या हजार वर्षांनी तो कुणाला सापडेल आणि इथं इंदापूरची वस्ती होती असं ठरेल. दत्ताराम होडी बांधून म्हणाला की आता रात्रीच्या भरतीला आणीन, तुम्ही बांधावरून चला, पुढे माझं शेत आहे, बायको तिथंच आहे.

बांध मातीदगडाचा, माणूसभर उंच. एका अंगाला खाडीचा चिखल आणि दुसऱ्या अंगाला, त्याहून खाली, हिरवंगार भाताचं खाचर. दत्तारामची बायको सुनंदावहिनी तिथं इरलं पांघरून लावणी करत होती. ती वर आली, तिनं आमच्या अवताराकडे बघून घेतलं आणि पायावर ओतायला तांब्या दिला.

भरतीला शेत खाडीच्या पातळीखाली जातं आणि तरी त्यात भात आहे, हे मला काही समजेना. वहिनीनं बांधातलं एक लाकडी दार दाखवलं. उघाडी म्हणतात त्याला. भरतीचं पाणी चढलं की बाहेरच्या रेट्यानं दार आपोआप मिटतं, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर जातं आणि जाताना मीठ धुऊन नेतं. आम्ही उभे होतो तेव्हा ते उघडं होतं आणि गढूळ पाणी खळखळत खाडीत जात होतं.

"पाणी आणायला काय लागत नाय," वहिनी म्हणाली. "घालवायलाच मेहनत. दार एक दिवस अडकलं तरी माती खारी होते."

आमच्याकडे पाणी आणणाऱ्याचा फेटा बांधून सत्कार होतो. घालवणाऱ्याचा सत्कार झालेला मी ऐकलेला नाही. हे मी हसत म्हणालो. कुणी हसलं नाही, कारण वहिनी आबांना विचारत होती, "तुमच्याकडे समुद्र नाय, मग तुमच्या शेतात मीठ आलं कुठून?"

"पाण्यासंगंच येतंय," आबा म्हणाले. "वरनं झिरपतंय."

"वर कोणाचं शेत?"

"आपलंच हाय. घरातलं."

"मग मधे चर नाय? पाणी काढून द्यायला?"

आबांनी उघाडीतून जाणाऱ्या पाण्याकडे बघितलं. "हुती," म्हणाले. "जुनी हुती. बुजली आपोआप."

मी त्या बांधावर उभा होतो आणि पावसात माझे कान गरम झाले. चर आपोआप बुजली नव्हती. वडिलांनी कंबरभर खोल खणलेली ती चर, वरच्या रानाचं जास्तीचं पाणी ओढ्याला नेणारी, वाटणी झाल्यावर माझ्या हद्दीत आली. चर म्हणजे वाया गेलेली जागा, हे आमच्या भागात शाळेतल्या पोरालाही कळतं. मी अर्ध्या दिवसात ट्रॅक्टरनं ती बुजवली आणि त्या जागेवर उसाच्या दोन सऱ्या जास्तीच्या काढल्या. त्या दोन सऱ्यांचं कौतुक मी गावभर सांगितलं होतं. आणि मग वर्षानुवर्षं पाटाचं पाणी मोकळं सोडून उसाला पाजत राहिलो, कारण ठिबक म्हणजे पाणी परवडत नाही त्यांचं काम. ते पाणी कुठं जात होतं, हे मी एकदाही वाकून बघितलं नाही. खाली आबांचं रान होतं.

आणि परक्या बाईपुढे या माणसानं माझं नाव घेतलं नाही. त्या क्षणी मला त्यांचा किती राग आला हे सांगता येत नाही. शिवी दिली असती तर मी उलटून बोललो असतो.

दुपारी कुर्ल्यांचा रस्सा झाला. नारळाचाच. तात्यांनी मसाल्याची पिशवी काढली नाही, दोन वेळा मागून घेतला, आणि मग कुर्ल्यांची पैदास उजनीत कशी करता येईल ते मोठ्यानं सांगायला लागले. मला घास गोड लागत होता, तरी मी दुसऱ्यांदा मागितला नाही.

रविवार

सकाळी पाऊस जरा थांबला होता. तात्या बूट घ्यायला बाजारात गेले. एक बूट मिळेल का म्हणून त्यांनी घरधनिणीला विचारलंही होतं. आबा आणि मी पडवीत चहा घेत बसलो. मी विषय काढला.

"आबा, चर बुजली न्हाय. मी बुजवली."

"ठावं हाय की. मी बांधावरच हुतो तवा."

"मग इतकी वरसं बोलला का न्हाय? मी गावभर तुमाला सुस्त म्हणत हिंडतुया, अन् तुमी ऐकून घेताय?"

आबांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली.

"बोललो हुतो. दोनदा. एकदा तू बुजवली त्या दिवशी, अन् एकदा माझा पहिला ऊस पिवळा पडला तवा. तू म्हणालास, आबा, तुमाला शेतीतलं काय कळतंय."

मी आठवून बघितलं. मला ते आठवेना. ते खोटं बोलत नव्हते. मी असं इतक्या जणांना म्हटलेलं आहे की त्यांतला एक माझा भाऊ होता हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मी तिथं पडवीत रडलो. आबांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "चहा घे. गार व्हतोय."

परतीच्या गाडीत तात्यांनी मशीनवाल्याला फोन लावून द्यायची तयारी दाखवली. आबांनी नको म्हणून सांगितलं. पुण्यापर्यंत तात्या आम्हा दोघांना, शेतकऱ्यांना नवीन काही नकोच असतं, हे ऐकवत होते. मी एरवी त्यांची सालटी काढली असती. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी बांधाकडेचा चार सऱ्या उभा ऊस कोवळाच तोडला आणि चर उकरायला घेतली. दोन सऱ्या चरीच्या आणि दोन मशीन फिरायला. लोक बांधावर येऊन उभे राहिले. डोक्यावर परिणाम झाला का म्हणून एकानं माझ्या मुलाला फोन केला. कोकणातनं करणी घेऊन आला, असं हॉटेलात चाललंय म्हणे. माझ्या जागी दुसरा असता तर यापेक्षा चांगलं काहीतरी मी बोललो असतो.

चर आता ओढ्यापर्यंत मोकळी आहे. पाणी वाहतं. मी दत्तारामकडे फोन करून वहिनीला विचारलं, असं रान धुऊन निघायला किती दिवस लागतात. ती म्हणाली, आमच्याकडे पाऊस दाबून पडतो, तुमच्याकडे बेताचा, तर दहा-बारा पावसाळे धरा.

हे मी बांधावर जाऊन आबांना सांगितलं. ते म्हणाले, "लागू देत की." मग आत रानात गेले आणि पांढऱ्या मातीत, चरीच्या अगदी कडेला, वीतभर जागा बघून, खत म्हणून गाडायचा ताग पेरायला लागले. आबांना ह्या दिवाळीत पंचाहत्तर पुरी होतील.